ओसांगच्या वहीतला वक्ली

नावेचं इंजिन सुरू झालं तरी बासिंग बोलायची थांबली नाही. उलट आवाज चढवून बोलू लागली.

"नोय, मी तुला खोटं बोल म्हणत नाहीये. 'हात लागला' एवढंच म्हण. हात लागला आणि तो पडला. आता हात लागला हे खरं की नाही?"

"लागला."

"मग झालं तर!"

"नुसता लागला नव्हता, दाय."

"तुला कुणी मोजायला सांगितलंय? लागला तो लागला. थोडा काय आणि फार काय!"

सितोय नावेच्या कडेला बसला होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत बायकोची, ओसांगची, वही. अंगात पांढरा शर्ट, शर्टावर छातीशी काळी पिन. ओसांगला जाऊन अकरा महिने झाले होते. वर्ष भरेपर्यंत पिन काढायची नसते.

बासिंग त्याची धाकटी बहीण. त्यांच्याकडे थोरल्या पुरुषाला नोय, थोरल्या बाईला नांग आणि धाकटीला दाय म्हणतात. तिचा मुलगा रुएल नऊ महिन्यांपासून शहरातल्या तुरुंगात होता. त्याच्यावर मनुष्यवधाचा खटला होता, आणि साक्षीदार एकच होता. तो म्हणजे त्याचा सख्खा मामा. आज त्याची साक्ष होती, आणि तीही सरकारच्या बाजूची.

मार्चमधल्या जत्रेच्या दुपारची गोष्ट. सगळं गाव कोंबड्यांच्या झुंजीला गेलं होतं. गावातल्या आतोंगचा कोंबडा लढायच्या आधीच आखाड्यातून पळाला आणि आतोंग ताडीच्या नशेत चडफडत जेट्टीवर आला. तिथे रुएल नावेतून बर्फाच्या पेट्या उतरवत होता. त्याने त्या कोंबड्यासारखी मान वाकडी करून चार पावलं टाकून दाखवली. पोरगं थट्टेखोर, दुसरं काय. आतोंगने पुढे होऊन त्याची गचांडी धरली. रुएलने हिसडा देऊन ती सोडवली. जेट्टीवर माशांची खवलं सांडली होती. आतोंगची रबरी सपात सटकली, तो कडेवरून खाली गेला आणि खालच्या नावेच्या कडेला बांधलेल्या लाकडी उलांडीवर त्याचं डोकं आपटलं. दोन दिवसांनी तो मेला.

सितोय दहा-बारा हातांवर आपल्या नावेत जाळं शिवत बसला होता. पाहणारा तो एकटाच.

पोलिसाने त्याला बिसायात, म्हणजे त्यांच्या बोलीत, विचारलं, त्याने बिसायात सांगितलं. आतोंगने काय केलं, मग रुएलने काय केलं. "वक्ली केलं," सितोय म्हणाला होता. पोलीस त्यांच्यातलाच, त्याला शब्द नीट कळला. पण जबानी इंग्रजीत टाइप करायची असते. त्याने डोकं खाजवलं, दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं आणि कागद पुढे केला. सितोयने सही केली.

वाचून दाखव, असं म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही. इंग्रजी कागद वाचायचं काम ओसांगचं. अडतीस वर्षं तसंच चाललं होतं. त्या दिवशीही तो कागदाची प्रत घेऊन घरी आला आणि तिच्या शिलाई मशीनवर ठेवली. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता वाचणारं कुणी नाही. आणि सही तर तो करून बसला होता.

त्या कागदात काय होतं ते त्याला गेल्या आठवड्यात कळलं. रुएलचा सरकारने दिलेला वकील किरांते नावेने बेटावर आला होता. तो सितोयला तियो, म्हणजे काका, म्हणायचा. "तियो, यात तुम्ही लिहून दिलंय की रुएलने आतोंगला पुश केलं. एवढंच. एकच ओळ."

"आणि गचांडीचं?"

"गचांडीचं काही नाही."

त्या रात्रीपासून सितोयला झोप नव्हती.

ज्या कोर्टात रुएलचा खटला होता, तिथेच ओसांग सव्वीस वर्षं दुभाषी होती. साक्षीदार बिसायात बोलणार, ती इंग्रजीत सांगणार आणि टाइप होणार ते फक्त इंग्रजी. बिसाया हवेत जाते, असं ती म्हणायची. हाणामारीचे, पळापळीचे, ओढाताणीचे शब्द तिला फार छळत. म्हणून तिने वही केली होती. डावीकडे बिसाया शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. पण अर्थ लिहायच्या आधी ती सितोयला उठवायची.

"ऊठ. तुकमोद करून दाखव."

"कुणाला?"

"दाराला कर."

तो दाराला मागून हाणल्यासारखं लोटायचा. ती म्हणायची, पुन्हा कर. मग तुलोद करून दाखव. तुलोद म्हणजे नाव वाळूवरून पाण्यात लोटतात तसं, अंगाचा भार देऊन. ती खांदा बघायची, पाय बघायची, मग लिहायची. हिसकावण्याच्या शब्दाला त्याच्या हातातली, नारळाच्या पानात बांधलेली भाताची पुसो ओढून घ्यायची आणि परत द्यायची नाही. शेजारणी खिडकीशी येऊन हसायच्या, "नांग ओसांग, म्हाताऱ्याला नाचवता की काय!"

वक्लीच्या वेळी तिने स्वतः त्याचं मनगट धरलं होतं. "सोडव. खरं सोडव." त्याने हळूच सोडवलं, तर ती चिडली. "हा काय वक्ली झाला? साक्षीदाराच्या शब्दाहून जड सांगायचं नाही, तसं हलकंही सांगायचं नाही. आरोपी बिचाऱ्याचं नशीब त्यावर असतं." मग त्याने जोराने झटकलं आणि ती मशीनवर जाऊन पडली. कोपराला खरचटलं, पण खूश झाली आणि चार ओळी भरून लिहिलं.

शेवटच्या पानावर एक शब्द होता, त्याच्यापुढे जागा कोरी होती. तो शब्द त्याने करून दाखवला नव्हता.

*

कोर्टाची खोली लहान होती. दोन पंखे होते, त्यातला एक फिरत होता. रुएल पिवळ्या शर्टात, बेड्या घालून भिंतीशी बसला होता. वाळला होता. मामाला पाहून त्याने मान हलवली आणि जमिनीकडे पाहू लागला.

दुभाषी नवी होती. जासेल नावाची सेबू शहरातली मुलगी, पंचवीस-सव्वीसची. शपथ देताना तिने त्याच्या पिनेकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

सरकारी वकील विल्याकोर्ते उठला. पन्नाशीचा, जाडजूड, घामेजलेला माणूस.

"ही सही तुमची?"

"हो."

"पोलिसांनी मारहाण केली? दमदाटी केली?"

"नाही. कॉफी दिली."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीश मोंतेसिल्यो बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, तसं हसू थांबलं.

"या जबानीत लिहिलंय की आरोपीने मयताला ढकललं. हे खरं ना?"

जासेलने ते बिसायात सांगताना तुलोद शब्द वापरला. सितोयने मान हलवली.

"तुलोद नाही. वक्ली."

जासेलने इंग्रजीत वाक्य सांगितलं. सितोयला इंग्रजी फार येत नसे, पण एक शब्द त्याला आता झोपेतही ओळखू आला असता. पुश.

"दाय, तू पुन्हा तेच म्हणालीस."

"साक्षीदाराने दुभाष्याशी बोलू नये," न्यायाधीश म्हणाल्या.

"पण बाई, ती—"

"प्रश्नाचं उत्तर द्या."

विल्याकोर्ते जवळ आला. "आरोपी तुमचा कोण?"

"भाचा."

"सख्खा?"

"सख्खा."

"मार्चमध्ये सही करताना ढकललं होतं. आता डिसेंबरमध्ये ढकललं नाही. मधल्या काळात बहीण किती वेळा रडत आली तुमच्याकडे?"

"रोज येते. शेजारीच राहते."

पुन्हा कुणीतरी हसलं. विल्याकोर्ते मात्र हसला नाही. "शपथेवर खोटं बोलणाऱ्याला तुरुंगात जागा असते, ठाऊक आहे ना? भाच्याच्या शेजारी झोपाल."

जासेलने हे सांगताना आवाज बारीक केला होता. मागे बासिंगची जपमाळ खुळखुळत होती. हो म्हटलं तर रुएल बारा-पंधरा वर्षं आत. नाही म्हटलं तर आपण खोटे, आणि खोट्याची साक्ष गेली की उरतो तो फक्त कागद. म्हणजे रुएल तरीही आत. त्याने पिशवीतून वही काढली.

"बाई, यात लिहिलंय. वक्लीचं इंग्रजी. माझ्या बायकोने लिहिलंय. ती इथेच काम करायची."

टाइप करणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे हात थांबले. तिने ती वही ओळखली असावी. न्यायाधीश मात्र या कोर्टात वर्षभरापूर्वीच आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

"वही शपथ घेत नाही. लिहिणारी बाई इथे येऊ शकते का?"

जासेलने याचं भाषांतर केलंच नाही. सितोयला तरीही कळलं.

"नाही येऊ शकत," तो म्हणाला.

"मग वही ठेवून द्या."

त्याने वही पिशवीत ठेवली. तेवढ्यात किरांते उठला. "युवर ऑनर, साक्षीदार बोलू शकत नसेल तर करून दाखवू दे. कोर्टाला डोळे आहेत."

"माझी हरकत नाही!" विल्याकोर्ते लगेच म्हणाला. कोट काढून त्याने खुर्चीवर टाकला. "मीच होतो आतोंग. अंगाने तसाच आहे मी. बघू या हा प्रसिद्ध वक्ली."

सितोय साक्षीच्या खुर्चीवरून खाली उतरला. किरांते त्याच्या जवळून जाता जाता कुजबुजला, "तियो, हळू हं."

"हात कुठे होता आतोंगचा? असा?" विल्याकोर्तेने दोन बोटांनी त्याच्या शर्टाला स्पर्श केला.

"तसा नाही. मुठीत."

"असा?"

"याहून घट्ट. रुएलच्या टाचा उचलल्या होत्या."

विल्याकोर्ते चिडला. त्याने शर्ट छातीशी मुठीत धरला, पिळला आणि वर ओढला. सितोयच्या टाचा उचलल्या. कॉलर गळ्यात रुतली. काळी पिन त्या मुठीत गेली. वकिलाच्या तोंडाला कॉफीचा आणि सुक्या मासळीचा वास येत होता.

"बोला आता. पुढे काय केलं तुमच्या भाच्याने?"

सितोयने मागे पाहिलं. बासिंग उभी राहिली होती. मान जोरजोरात हलवत होती आणि पोटाजवळ हाताने खूण करत होती. हळू, हळू, बोटांनी नुसता पिसासारखा स्पर्श. किरांतेने डोळे मिटून घेतले होते. रुएल आता जमिनीकडे पाहत नव्हता. मामाच्या हाताकडे पाहत होता.

हळू झटकलं असतं तर सगळे खूश झाले असते. या जाडजूड माणसाने मूठ सोडून दिली असती आणि कोर्टाने म्हटलं असतं, यात कुणी मरतं का? सितोयचा हात अर्धा वर आला आणि थांबला. त्या दुपारी त्याने पाहिलं होतं. रुएल हळू नव्हता. गळा आवळलेला माणूस हळू नसतो.

हा काय वक्ली झाला?

त्याने कोपर आतून बाहेर फिरवलं, खांदा घातला आणि झटकलं.

विल्याकोर्ते तीन पावलं मागे गेला, टेबलावर आदळला आणि फायलींसकट खाली बसला. त्याचा एक बूट पायातून निघून किरांतेच्या खुर्चीखाली गेला. बासिंग किंचाळली, "मारलास रे माझ्या पोराला!" आणि मटकन बाकावर बसली. पोलीस पुढे धावला.

"पुश!" विल्याकोर्ते खालूनच ओरडला. "याने मला पुश केलं! युवर ऑनर, नोंद करा! भर कोर्टात! जसा भाचा तसाच मामा!"

सितोय तसाच उभा होता, हात अजून हवेत. शर्ट नाभीपर्यंत उघडा. आपण काय करून बसलो, हे त्याला समजत होतं. आता बहिणीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

न्यायाधीशांनी हाताने पोलिसाला थांबवलं. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, उठा. लागलं का?"

"बोटाला. रक्त आलंय."

"बोटाला कसं?"

विल्याकोर्तेने मूठ उघडली. मुठीत शर्टाची दोन बटणं होती आणि काळी पिन. पिनेचं टोक त्याच्या करंगळीत घुसलं होतं.

"साक्षीदाराने तुम्हाला पुश केलं म्हणता," न्यायाधीश म्हणाल्या. "त्याआधी तुमचा हात कुठे होता?"

"अर्थातच त्याच्या शर्टावर. दाखवत होतो ना मी."

"सोडला होता?"

"नाही, पण—"

"तुम्ही धरलं होतं म्हणून त्याने झटकलं. धरलं नसतं तर?"

विल्याकोर्तेने बटणं आणि पिन टेबलावर ठेवली.

"आता जबानी उघडा. त्यात मयताचा हात कुठे आहे ते मला वाचून दाखवा."

त्याने फाईल जमिनीवरून उचलली, पान काढलं, ओळीवरून बोट फिरवलं. मग पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"नाहीये," तो म्हणाला.

"मिस जासेल, साक्षीदाराने केलं ते इंग्रजीत सांगा. नोंदीसाठी. सावकाश सांगा."

जासेल न्यायाधीशांकडे वळली. "युवर ऑनर, मघाशी मी पुश म्हणाले ते माझं चुकलं," ती म्हणाली. "आमच्या घरी शहरात सगळ्यालाच तसं म्हणतात." मग तिने थांबत थांबत एक लांब इंग्रजी वाक्य सांगितलं. सितोयने कान देऊन ऐकलं. पहिल्या भागात हात होता, धरणाऱ्याचा. नंतर शर्ट होता. झटकणं त्याच्या नंतर आलं. टाइप करणाऱ्या बाईंनी सगळं टाइप केलं, आणि एकदाही मान वर न करता म्हणाल्या, "नांग ओसांग अशीच सांगायची."

*

परतीच्या नावेत बासिंग त्याच्यापासून लांब, पुढच्या टोकाला जाऊन बसली. सितोय शर्ट हाताने आवळून बसला होता. पिन त्याला परत मिळाली होती, ती त्याने वहीला टोचून ठेवली होती.

अर्ध्या वाटेवर बासिंग उठून, तोल सावरत त्याच्याजवळ आली.

"वकील म्हणाला, मी सांगितलं तसं तू बोलला असतास तर..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हात लागला म्हटलं की एकच हात उरतो. रुएलचा." तिने खांद्यावरच्या टॉवेलने नाक पुसलं. "आतोंगच्या हाताचं कुणी विचारलंच नसतं."

"हं."

"पण केवढ्याने झटकलंस, मेल्या! माझा जीव गेला ना."

"तेवढ्यानेच होतं, दाय."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला. अंगावर आलेल्याला झटकून स्वतःला सोडवणं हा गुन्हा नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. रुएल घरी आला. पहिल्या दिवशी तो मामाची नाव खरवडून देत बसला. आतोंगच्या घरी तो आईबरोबर एकदा गेला, पण आतोंगच्या बायकोने दार उघडलं नाही. पुन्हा जायचं असं बासिंगने ठरवलं आहे.

ओसांगचं वर्ष भरलं त्याच्या आदल्या शनिवारी जासेल बेटावर आली. नावेच्या पाण्याने निम्मी भिजली होती. हातात नवी कोरी वही.

"नोय, नांग ओसांगची वही उतरवून घेऊ का? नेत नाही, इथेच बसून लिहिते."

"बस. मशीनशी उजेड चांगला असतो."

ती दुपारपर्यंत लिहीत होती. बासिंगने तिला मक्याचा भात आणि सुकी मासळी वाढली, आणि दहा वेळा विचारलं की लग्न झालंय का. सितोय दाराशी बसून जाळ्याच्या गाठी बघत होता. मग लेखणीचा आवाज थांबला.

"नोय, हा शेवटचा राहिलाय. किसी-किसी. पुढे काहीच नाही."

त्याने मान वर केली नाही. किसी-किसी म्हणजे पकडलेला मासा नावेच्या तळाशी तडफडतो, उसळतो ते. ओसांग तेव्हा खाटेवरून उठू शकत नव्हती. उशीला टेकून म्हणाली होती, "चल, लोळ जमिनीवर. एवढाच राहिलाय." तो म्हणाला होता, "या वयात? उद्या बघू." ती हसली होती. दुसऱ्या दिवशी ती बोलत नव्हती. दोन दिवसांनी, शेवटच्या पहाटे, श्वास मिळेना तेव्हा तिच्या हातापायांनी जे केलं ते त्याने पाहिलं होतं. त्याला त्या वेळी तोच शब्द आठवला होता. तेव्हापासून त्याने तो तोंडाने उच्चारला नव्हता.

"कोरा ठेवू?" जासेलने विचारलं.

सितोयने जाळं बाजूला सारलं.

"दोंग," त्याने रुएलला हाक मारली, "ते टेबल जरा सरकव."

रुएलने टेबल भिंतीशी लावलं. सितोयने सपाता काढल्या, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला आणि पाठीवर आडवा झाला. छताला पाल होती. बासिंग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "हे काय चाललंय?" असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"लिही हं," तो जासेलला म्हणाला. "खांदा बघ आधी, मग पाय. मी एकदाच करीन."